सही करून सोडलेला हक्क: टीएमधल्या एका जवानाच्या अपंगत्व पेन्शनचे प्रकरण

पायदळात सुमारे २५ वर्षे नोकरी केलेला, उत्तराखंडातल्या कुमाऊँचा एक जवान १ ऑगस्ट २००७ रोजी टेरिटोरियल आर्मीत, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे ‘टीए’च म्हणतात त्या दलात, पूर्णवेळ सैनिक म्हणून पुन्हा भरती झाला. २००९ मध्ये वार्षिक रजेपैकी दहा दिवस मंजूर करून घेऊन तो घरी निघाला असताना वाटेत मोठा अपघात झाला. उजवा पाय गुडघ्यापर्यंत कापावा लागला. मेडिकल बोर्डाने ८० टक्के अपंगत्व लिहिले आणि १ जानेवारी २०१२ पासून तो ‘बोर्ड आऊट’ झाला, म्हणजे अपंगत्वामुळे सेवेतून बाहेर पडला. अपंगत्व पेन्शन मागितली, तर नकार आला. लष्करी न्यायाधिकरणाच्या लखनौ खंडपीठातही नकारच मिळाला. शेवटी १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पेन्शन मंजूर केली. निकालपत्रात त्याचे नाव आहेच. इथे आपण त्याला जवानच म्हणू.

वरवर पाहता हे पेन्शनचे भांडण आहे. पण त्यात खरा प्रश्न दुसराच होता. राखीव दलातला माणूस सक्रिय सेवेत आला की तो नेमका कोण होतो? पूर्ण फौजी होतो, की ज्या खात्याच्या कामासाठी बोलावले त्या खात्याचा कंत्राटी माणूस? हातात बंदूक, अंगावर वर्दी, डोक्यावर आर्मी अॅक्ट, आणि पाय गेल्यावर मात्र ‘तुमची योजना वेगळी’. जवानाची तक्रार ही होती.

टीए म्हणजे काय, हे सातारा-कोल्हापूरकडच्या वाचकाला सांगायला नको. कोल्हापूरची १०९ आणि पुण्याची १०१ या मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या टीए बटालियन तिथल्या घराघरांत माहीत आहेत. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. १९४८ चा प्रादेशिक सेना कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या दलाचे उद्घाटन केले. मूळ कल्पना अशी की माणसाने आपला धंदा-नोकरी सांभाळावी, वर्षातून ठरलेले दिवस प्रशिक्षणाला यावे, आणि गरज पडली की गणवेश चढवून नियमित फौजेच्या खांद्याला खांदा लावावा. या बोलावण्याला कायद्यात आणि बराकीत एकच शब्द चालतो, ‘एम्बॉडी’ होणे. काम संपले की ‘डिस-एम्बॉडी’. टीएवाल्याच्या आयुष्यातले सगळे हिशेब या दोन शब्दांवर चालतात. पगार एम्बॉडी काळाचा. पेन्शनसाठी मोजली जाणारी सेवाही एम्बॉडी काळाचीच. जवानाला अशी एकूण पंधरा वर्षे भरावी लागतात, अधिकाऱ्याला वीस. मधले घरी बसलेले दिवस धरले जात नाहीत.

कायद्याच्या नवव्या कलमात याचा दुसरा अर्धा भाग आहे. टीएमध्ये भरती झालेला माणूस बोलावला गेला, एम्बॉडी झाला किंवा नियमित फौजेला जोडला गेला, की त्याला आर्मी अॅक्ट लागू होतो. आणि नियमित फौजेत त्याच हुद्द्यावर असता तर जसा आणि जितका लागू झाला असता, तसा आणि तितकाच. म्हणजे रजा संपून एक दिवस उशिरा आला तर शिक्षा नियमित फौजीसारखीच. जबाबदारीच्या बाजूने कायद्याने काहीच सूट ठेवलेली नाही. हक्काच्या बाजूने सूट ठेवायची की नाही, यावर हे प्रकरण नऊ-दहा वर्षे चालले.

आता त्या वेगळ्या योजनेबद्दल. टीएमध्ये इकॉलॉजिकल टास्क फोर्स नावाच्या बटालियन आहेत. पहिली, गढवाल रायफल्सशी जोडलेली १२७ वी, १ डिसेंबर १९८२ रोजी उभी राहिली. चुनखडीच्या खाणींनी मसुरीचे डोंगर सोलून काढले होते, ते पुन्हा हिरवे करायचे काम तिला दिले. कुमाऊँची १३० वी नंतर आली. आपला जवान तिच्यातला. या बटालियनमध्ये मुख्यतः त्या त्या भागातले निवृत्त फौजी घेतात, कारण चढणीवर खड्डे खोदणे, रोपे डोक्यावरून वाहून नेणे आणि लावलेले झाड जगवणे हे काम शिस्तीशिवाय होत नाही, आणि गावातल्या माणसाला गावातल्याच फौजीचे ऐकायला बरे वाटते. इतर टीएसारखे हे दोन महिन्यांचे काम नाही. बारा महिने एम्बॉडी. खर्च मात्र संरक्षण खात्याचा नाही. पर्यावरण मंत्रालय किंवा राज्य सरकार पैसे देते.

माझ्या मते सगळ्या भांडणाचे मूळ इथे आहे. ज्या माणसाचा पगार दुसऱ्या खात्याच्या खिशातून येतो, त्याच्या जन्मभराच्या पेन्शनचा बोजा आपल्या वहीत का घ्यावा, असा विचार हिशेबनिसाच्या टेबलावर होणे साहजिक आहे. तो विचार कायद्यात लिहिलेला नव्हता, ही वेगळी गोष्ट. म्हणून तो भरतीच्या अटींत लिहिला गेला. टास्क फोर्सच्या सेवेबद्दल वाढीव पेन्शन मिळणार नाही, हे मान्य असल्याच्या आशयाचा दाखला भरतीच्या वेळी माजी सैनिकाकडून सही करून घेतला जाई. आपल्या जवानानेही ती सही केली होती. सरकारचा बचाव प्रामुख्याने या सहीवर आणि टास्क फोर्सच्या जादा कंपन्या उभारण्यास मंजुरी देणाऱ्या संरक्षण मंत्रालयाच्या एका पत्रावर उभा होता.

या सहीकडे आधी त्याच्या जागी बसून पाहू. पंचवीस वर्षे फौजेत काढून माणूस गावी येतो. पेन्शन असते, पण मुलांची शिक्षणे सुरू असतात, घर अर्धे बांधलेले असते. बँकेच्या दारातली सुरक्षारक्षकाची नोकरी किंवा टीए, एवढीच निवड. टीएत वर्दी आहे, ओळखीचे वातावरण आहे, घराजवळचे पोस्टिंग आहे. भरतीच्या दिवशी टेबलावर कागदांचा गठ्ठा येतो, क्लार्क बोटाने जागा दाखवतो, इथे सही, इथे सही, इथे अंगठा. त्यातला एखादा कागद बाजूला काढून ‘साहेब, हे कलम मला मान्य नाही’ म्हणणारा जवान मी पाहिलेला नाही. म्हटले तर उत्तर ठरलेले आहे, मागे रांग उभी आहे.

मग अपघात. इथे जरा थांबायला हवे, कारण पुढे सर्वोच्च न्यायालयात जे जिंकले त्याची निम्मी तयारी रुग्णालयाच्या खाटेवर असतानाच झाली होती. अपघात झाल्यावर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. नाव कोर्टाचे असले तरी ते न्यायालय नसते. युनिटमधल्या अधिकाऱ्यांची ती चौकशी समिती असते. जखम कशी झाली, त्या वेळी माणूस रजेवर होता की ड्यूटीवर, दारू प्यालेला होता का, चूक त्याची की दुसऱ्याची, हे ती नोंदवते. या चौकशीतून निष्कर्ष निघाला की जखम लष्करी सेवेमुळे झाली आहे आणि जवानाचा निष्काळजीपणा नाही. मेडिकल बोर्डानेही अपंगत्व सेवेशी जोडले. फौजी रुग्णालयात, एमएचमध्ये, हा शब्द सगळे जण इंग्रजीतच वापरतात, ‘अॅट्रिब्युटेबल’. बोर्डाच्या कागदावर या एका शब्दापुढे ‘हो’ आहे की ‘नाही’, यावर पुढची तीस वर्षे अवलंबून असतात. टक्के त्यानंतर.

रजेवरच्या माणसाची जखम सेवेमुळे कशी, असा प्रश्न कुणालाही पडेल. नियम याचे उत्तर देतात. अपंगत्व ठरवण्याच्या नियमांत ड्यूटीची व्याख्या आहे. ड्यूटीच्या ठिकाणाहून रजेच्या ठिकाणी जाताना आणि तिथून परत येताना जवान ड्यूटीवर धरला जातो, पण तो प्रवास सरकारी खर्चाने करण्याचा हक्क असला पाहिजे. म्हणजे वॉरंट, सरकारी खर्चाने प्रवासाचा कागद, किंवा ज्याला आपण फॉर्म डी म्हणतो ती तिकिटातली सवलत. त्यामुळे खिशातले ते मळके वॉरंट नुसते तिकीट राहत नाही, पुरावा होते. स्वतःच्या पैशाने तिकीट काढले म्हणून एकदा एका जवानाला नाकारले होते. आगगाडीतून उतरताना तो जखमी झाला होता. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की रजा मंजूर होती, जवान घरी जात होता, तेवढे पुरे. तिकिटाचे पैसे कुणी दिले यावर एवढा मोठा हक्क टांगता येणार नाही. याउलट घरी पोचून झाल्यावर, रजेत गावातल्या गावात स्कूटरवरून फिरताना झालेल्या अपघातात २०११ मध्ये त्याच न्यायालयाने जवानाला नाही म्हटले. रजेवरच्या अपघाताची पेन्शन मिळते, असे सरसकट सांगणाऱ्या गावातल्या तज्ज्ञांनी या दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्यात. वाटेत असणे आणि घरी असणे यांत फरक आहे.

चौकशी आणि बोर्ड दोन्ही बाजूने असताना पेन्शन का अडली? कारण प्रश्न जखमेचा उरलाच नव्हता. तुम्ही टास्क फोर्सचे, टास्क फोर्सला ही पेन्शन नाही, तुम्ही तसे लिहून दिले आहे, एवढेच उत्तर होते.

फौजेत अशा उत्तराविरुद्ध कुठे जायचे, हे नागरी माणसाला चटकन कळत नाही आणि खरे सांगायचे तर बऱ्याच जवानांनाही कळत नाही. संघटना करता येत नाही. राज्यघटनेच्या तेहतिसाव्या अनुच्छेदाने संसदेला सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार दिला आहे. दहा जणांनी मिळून एकच अर्ज दिला तर तक्रार राहते बाजूला आणि शिस्तभंगाचा वास येऊ लागतो. म्हणून तक्रार एकट्याने, स्वतःच्या नावाने आणि स्वतःपुरती करायची. आर्मी अॅक्टचे सव्विसावे कलम जवानाला आणि जेसीओला, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरला, हा हक्क देते. वरिष्ठाने अन्याय केला असे वाटले तर कंपनी कमांडरकडे तक्रार, तक्रार त्याच्याच विरुद्ध असेल तर त्याच्या वरच्याकडे. तक्रार घेणाऱ्याने होईल तितकी पूर्ण चौकशी केली पाहिजे, नाहीतर वर पाठवली पाहिजे. अधिकाऱ्यांसाठी सत्ताविसावे कलम आहे. युनिटमध्ये महिन्याच्या दरबारात, म्हणजे सगळ्यांच्या सभेत, सीओ (युनिटचा कमांडिंग ऑफिसर) ‘कुणाला काही सांगायचे आहे का’ म्हणून विचारतो, त्याचाही उपयोग होतो. पण रजा, रेशन, क्वार्टर अशा गोष्टींपुरता.

पेन्शनचा नकार हा वरिष्ठाने केलेला अन्याय या सदरात नीट बसत नाही. तो जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारे रेकॉर्ड ऑफिस आणि प्रयागराजचे पेन्शन लेखा कार्यालय यांच्या साखळीतून येतो, आणि त्याच्याविरुद्ध वेगळी शिडी आहे. पहिले अपील पहिल्या अपील समितीकडे, ते फेटाळले तर दुसरे अपील दुसऱ्या समितीकडे. बोर्ड आऊट झालेला माणूस बहुधा चुकीच्या दारावर थापा मारत बसतो. कुणी आमदाराला पत्र लिहितो, कुणी जुन्या सीओ साहेबांना फोन करतो, कुणी पोर्टलवर तीनदा तीच तक्रार टाकतो. साहेब चांगले असतात, पत्रही देतात. पण नकाराच्या आदेशावर अपीलच नसेल तर पुढे न्यायाधिकरणात पहिला आक्षेप तोच येतो.

लष्करी न्यायाधिकरणाचा कायदा २००७ चा. प्रत्यक्ष कामकाजाचे उद्घाटन ८ ऑगस्ट २००९ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केले. त्याआधी आपल्या जवानासारख्याला उच्च न्यायालयातच जावे लागे, आणि तिथे फौजी प्रकरण हे हजार प्रकरणांपैकी एक असे. न्यायाधिकरणात निवृत्त न्यायाधीशाबरोबर निवृत्त लष्करी अधिकारी बसतो. वॉरंट म्हणजे काय, पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या सेवेतल्या नोंदींचा आदेश) म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. कायद्याचे एकविसावे कलम म्हणते की खात्यातले उपाय संपवून या; अर्ज करून सहा महिने उत्तरच आले नाही, तर ते संपले असे धरतात. बाविसावे कलम अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत देते, सबळ कारण असल्यास उशीर माफ करण्याचा अधिकारही देते. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी खंडपीठ मुंबईत आहे. निवृत्त माणसाला राहत्या ठिकाणच्या खंडपीठात अर्ज करता येतो. त्यामुळे जखम काश्मीरमध्ये झाली म्हणून जम्मूला हेलपाटे घालायची गरज नाही.

लखनौ खंडपीठाने जवानाचा अर्ज फेटाळला. टास्क फोर्सच्या अटी वेगळ्या आहेत आणि त्या त्याने स्वीकारल्या होत्या, हा सरकारचा मुद्दा तिथे चालला. फौजी माणूस बाकावर असूनही तिथला निकाल जवानाच्या विरुद्ध गेला, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे. फौजेत ‘लिहून दिले’ याला फार मान आहे.

सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती भूषण गवई यांच्यापुढे प्रकरण आले. निकाल गवई यांनी लिहिला. अमरावतीचे हे न्यायमूर्ती पुढे २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले.

निकालाची वाट अगदी सरळ आहे आणि म्हणूनच ती शिकण्यासारखी आहे. न्यायालयाने दयेपासून सुरुवात केली नाही. १९६१ च्या लष्करी पेन्शन नियमांपासून केली. २९२ वा नियम म्हणतो की टीएच्या माणसांना पेन्शनच्या बाबतीत नियमित फौजेतल्या त्या त्या दर्जाच्या माणसांना लागू असलेलेच सर्वसाधारण नियम लागू होतील, नियमपुस्तकाच्या टीएवरच्या भागातल्या नियमांशी विसंगती असेल तेवढे सोडून. १७३ वा नियम म्हणतो की सेवेमुळे झालेल्या किंवा सेवेमुळे वाढलेल्या, २० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वामुळे माणूस बाहेर पडला तर त्याला अपंगत्व पेन्शन मिळेल. हे दोन नियम जोडले की टीएच्या इतर माणसाचा हक्क सिद्ध होतो, यावर वाद नव्हताच. मग प्रश्न एवढाच उरला: टास्क फोर्स ही टीए आहे की नाही? ती १३० व्या टीए बटालियनच्या जादा कंपन्या म्हणूनच उभी केली होती. बटालियन टीएची, कंपनी त्या बटालियनची, जवान त्या कंपनीचा. मग त्यालाच वेगळे का काढायचे, याचे कारण सरकारला दाखवता आले नाही. त्यात चौकशी आणि मेडिकल बोर्ड दोघांनीही जखम सेवेमुळे झाल्याचे म्हटले होते, याकडे न्यायालयाने मुद्दाम लक्ष वेधले.

राहिली सही. तिच्यासाठी न्यायालयाने १९८६ चा स्वतःचाच एक जुना निकाल पुढे घेतला. तो फौजेतला नव्हता. कोलकात्याच्या अंतर्देशीय जलवाहतूक महामंडळातल्या कर्मचाऱ्यांचा होता. तिथे तीन महिन्यांची नोटीस देऊन कायम कर्मचाऱ्यालाही काढून टाकण्याची अट नोकरीच्या नियमांत होती. तेव्हा न्यायालयाने म्हटले होते की दोन बाजूंची सौदा करण्याची ताकद मुळातच असमान असेल, आणि दुबळ्या बाजूपुढे सही करण्यावाचून खरा पर्याय नसेल, तर अन्यायकारक अट न्यायालय अमलात आणणार नाही. ते सूत्र इथे लावले. एका बाजूला भारत सरकार, दुसऱ्या बाजूला निवृत्तीनंतर पुन्हा नोकरी शोधणारा साधा सैनिक. यांची ताकद सारखी कशी धरायची? आदेश असा निघाला: १ जानेवारी २०१२ पासून नियमांप्रमाणे अपंगत्व पेन्शन द्या, आणि थकबाकी ९ टक्के व्याजासह तीन महिन्यांत चुकती करा.

थकबाकी पूर्ण काळाची मिळाली, हे विशेष. पेन्शनच्या प्रकरणांत उशिरा आलेल्या माणसाला अनेकदा अर्जाच्या आधीच्या फक्त तीन वर्षांची थकबाकी मिळते. २००८ च्या एका निकालापासून ती रीत पडली आहे.

या निकालाला किती ताणायचे? काही वकील सांगतात की आता भरतीच्या वेळी केलेली कुठलीही सही बांधत नाही. मला ते पटत नाही. न्यायालयाने नियमाने मिळणारा हक्क काढून घेणारी अट बाजूला ठेवली. पोस्टिंगची जागा, कराराचा कालावधी, कामाचे स्वरूप अशा अटींबद्दल त्याने काही म्हटलेले नाही. आणि नियमच वेगळा असता, म्हणजे २९२ व्या नियमात टास्क फोर्स वगळून असे तीन शब्द असते, तर असमान ताकदीच्या मुद्द्यावर एकट्याने हे प्रकरण तरले असते का, याची मला खात्री नाही. सही पाडली ती नियमाने. १९८६ च्या निकालाने तिच्यावर शेवटची माती टाकली.

दुसरे, चौकशीत जर ‘स्वतःचा निष्काळजीपणा’ असे दोन शब्द पडले असते, तर सगळा डोलारा कोसळला असता. कोर्ट ऑफ इन्क्वायरी वेळेवर बसते ती युनिटच्या मर्जीने, आणि रजेवरच्या अपघातात युनिटला लगेच कळतच नाही. नागरी रुग्णालयात दाखल झालेल्या जवानाच्या बायकोला किंवा भावाला हे ठाऊक नसते की पहिल्या चोवीस तासांत युनिटला कळवणे हे औषधाइतकेच गरजेचे आहे. गावाकडे आधी पाहुण्यांना फोन जातात, मग युनिटला. पोलिसांचा पंचनामा, रुग्णालयाची पहिली नोंद, रजेचा दाखला आणि वॉरंट, हे चार कागद घरच्यांनी पिशवीत टाकून ठेवले तर पुढे अर्धी लढाई होते. रजेच्या दाखल्यावर स्टेशन सोडण्याची परवानगी आहे का, आणि रजेचे ठिकाण म्हणून कुठला पत्ता लिहिला आहे, हेही पाहावे. पत्ता गावाचा आणि अपघात मुंबईच्या वाटेवर, असे झाले की आक्षेप येतोच.

महाराष्ट्रात हा विषय दूरचा राहिलेला नाही. मराठवाड्याच्या उजाड जमिनीवर झाडे लावण्यासाठी महार रेजिमेंटशी जोडलेली १३६ वी टास्क फोर्स बटालियन छत्रपती संभाजीनगरला आहे, आणि तिचा खर्च राज्य सरकारकडून येतो. कुमाऊँच्या जवानाची जी स्थिती होती, तीच तिथल्या माजी सैनिकाची. ६ मे २०२५ च्या अधिसूचनेने केंद्राने लष्करप्रमुखांना टीएमधल्या अधिकाऱ्यांना आणि जवानांना बोलावण्याचा अधिकार दिला. टीएच्या ३२ पायदळ बटालियनपैकी १४ एम्बॉडी करायला मंजुरी दिली. मुदत ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत. त्याच अधिसूचनेत आणखी एक ओळ आहे, आणि या प्रकरणानंतर ती डोळ्यांत भरते: दुसऱ्या मंत्रालयाच्या सांगण्यावरून एम्बॉडी केलेल्या युनिटचा खर्च त्या मंत्रालयाच्या खात्यावर पडेल. खर्च कुणाचा, हे ठरवायला सरकारला पूर्ण मोकळीक आहे. माणूस कुणाचा, हे मात्र नववे कलम ठरवते.

२०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक दार उघडे असल्याचे सांगितले. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात अपील फक्त सार्वजनिक महत्त्वाच्या कायद्याच्या मुद्द्यावरच जाते, आणि साध्या जवानाच्या साध्या भांडणात असा मुद्दा दर वेळी कुठून आणणार? आता उच्च न्यायालयात रिट करता येते, हे स्पष्ट झाले आहे. आपल्या जवानाकडे असा मोठा मुद्दा होता म्हणून तो दिल्लीपर्यंत पोचला. ज्याच्या कागदावर नुसती टक्केवारी चुकली आहे, त्याला मुंबई किंवा नागपूर पुरेल.

टक्केवारीचेच शेवटचे सांगतो, कारण यात पैसे अडकतात आणि विचारणारे फार असतात. बोर्ड आऊट झालेल्याचे अपंगत्व पेन्शनच्या हिशेबात वरच्या टप्प्याला नेऊन धरतात: ५० च्या आतले ५०, पुढे ७५ पर्यंतचे ७५, आणि ७६ ते १०० मधले पूर्ण १००. म्हणजे ८० टक्के लिहिलेल्या माणसाचा अपंगत्वाचा भाग १०० टक्क्यांच्या दराने निघायला हवा. पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, हातात आला की आधी ती ओळ पाहावी, आणि तिथे बोर्डाचाच आकडा उतरवला असेल तर रेकॉर्ड ऑफिसला त्याच दिवशी पत्र टाकून पोस्टाची पावती फाइलला लावावी.